मेंदूच्या आवरणातली काळी गाठ: इथलीच की बाहेरून आलेली?

परवा दुपारी एक गृहस्थ लॅबच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. हातात धाकट्या बहिणीचा बायॉप्सी रिपोर्ट होता आणि त्यातल्या 'मेलॅनोसायटिक' या शब्दाखाली बॉलपेनने दोनदा रेघ मारलेली होती. आदल्या रात्री त्यांनी तो शब्द मोबाइलवर शोधला, तिथून मेलॅनोमा, तिथून कातडीचा कॅन्सर, असं वाचत गेले आणि पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. मला म्हणाले, "डॉक्टर, हिच्या अंगावर धड एक तीळ नाही. मग कातडीचा कॅन्सर डोक्यात शिरला कसा?"

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून तिचं नाव ठरवायचं, हे माझं रोजचं काम. या गृहस्थांनी विचारला तोच प्रश्न या आजारात आम्हालाही सगळ्यात आधी सोडवावा लागतो. त्यांना आत बोलावून, बसवून जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

मेंदूत रंग आला कुठून?

नारळ फोडला की करवंटीच्या आत खोबरं असतं आणि खोबऱ्याला घट्ट चिकटलेली एक पातळ तपकिरी साल असते. पांढरीशुभ्र वडी हवी असेल तर ती साल किसात येऊ नये म्हणून खवताना हात जपून चालवावा लागतो. आपली कवटी म्हणजे ती करवंटी. तिच्या आत मेंदूवर तीन आवरणं असतात. सगळ्यात बाहेरचं जाड, चामड्यासारखं. मधलं कोळ्याच्या जाळ्यासारखं विरविरीत. सगळ्यात आतलं मेंदूला त्या तपकिरी सालीसारखं चिकटलेलं. आतल्या दोन आवरणांच्या मधून मेंदूचं पाणी वाहत असतं.

या आतल्या पातळ आवरणांत थोड्या रंगपेशी असतात. रंगपेशी, म्हणजे मेलॅनोसाइट, म्हणजे मेलॅनिन हा काळा-तपकिरी रंग बनवणारी पेशी. कातडीचा वर्ण तिच्यामुळे, डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा रंगही तिच्यामुळे. गर्भ काही आठवड्यांचा असताना त्याच्या पाठीच्या रेषेवर पेशींचा एक पट्टा तयार होतो आणि तिथून या पेशी शरीरभर प्रवासाला निघतात. एकाच वाडीतली माणसं पोटापाण्यासाठी निघावीत, कुणी लालबागला उतरावं, कुणी पुण्याला, कुणी थेट बडोद्याला जावं, तसं. बहुतेक कातडीत जातात, काही डोळ्यात, काही आतल्या कानात आणि मोजक्या मेंदूच्या आवरणात. मेंदूचा देठ आणि मानेतला मज्जारज्जू यांच्या पुढच्या बाजूला त्यांची वस्ती त्यातल्या त्यात दाट असते. सावळ्या माणसाच्या शवविच्छेदनात तिथे राखाडी-काळी झाक दिसते. ती पूर्णपणे नैसर्गिक आहे.

त्यामुळे त्या गृहस्थांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. रंगपेशीची गाठ डोक्यात व्हायला कातडीतून काही शिरावंच लागतं असं नाही. तिथल्या मूळ रहिवासी पेशीचीही गाठ होऊ शकते.

एक शांत, एक आक्रमक

या मूळच्या गाठींपैकी मेलॅनोसायटोमा ही शांत स्वभावाची. सावकाश वाढते, एका जागी राहते. मेलॅनोमा ही आक्रमक. काही गाठी दोन्हींच्या मधल्या असतात, त्यांना रिपोर्टमध्ये आम्ही 'मध्यम दर्जाची' असं लिहितो. पेशी किती वेगाने दुप्पट होत आहेत आणि गाठ शेजारच्या मेंदूत घुसली आहे का, यावरून हा दर्जा ठरतो.

कधीकधी गाठच नसते. रंगपेशी आवरणभर पसरतात, ओल्या कागदावर शाई फुटावी तशा. हे बहुतेकदा लहान मुलांत, अंगावर जन्मतः खूप मोठा किंवा अनेक काळे केसाळ डाग असणाऱ्यांत दिसतं. अशा बाळाचा एमआरआय पहिल्या सहा महिन्यांत करून घ्यावा असं तज्ज्ञ सांगतात, कारण पुढे मेंदूतल्या तंतूंवर चरबीचा थर चढत जातो आणि रंग त्याआड लपतो. बाळांचा हा आजार वेगळ्या वाटेने जातो. इथे मी मोठ्यांच्या गाठीबद्दलच बोलणार आहे.

मेलॅनोसायटोमा किती दुर्मिळ? साधारण एक कोटी लोकांत वर्षाला एक. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. हा दर इथे तसाच लावला तर अख्ख्या राज्यात वर्षाला दहा-बारा रुग्ण. म्हणजे चांगला, अनुभवी न्यूरोसर्जनही आयुष्यभरात अशा गाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच बघतो. नाव ठरायला वेळ लागला तर त्यामागे निष्काळजीपणाच असेल असं समजू नका.

एमआरआयमध्ये सरळ दिसत नाही का?

कधी दिसतं, कधी नाही. एमआरआय म्हणजे एकाच जागेचे वेगवेगळ्या तऱ्हेने काढलेले फोटो. त्यातल्या टी-१ नावाच्या फोटोत बहुतेक गाठी काळपट दिसतात आणि टी-२ मध्ये पांढरट. मेलॅनिन धातूंचे कण धरून ठेवतं आणि चुंबकाशी त्याचं वागणं वेगळं असतं. त्यामुळे रंगाने भरलेली गाठ नेमकी उलटी दिसते: टी-१ मध्ये पांढरी, टी-२ मध्ये काळी. असं चित्र दिसलं की रेडिओलॉजिस्ट सावध होतो.

अडचण अशी की काही दिवसांपूर्वीचा रक्तस्राव आणि चरबीही टी-१ मध्ये पांढरी दिसते. उलट, गाठीत रंग कमी असेल तर ती चारचौघींसारखीच दिसते. मग रिपोर्टवर 'मेनिन्जिओमा असावा' असं येतं, कारण आवरणाची गाठ म्हटलं की सर्वांत जास्त आढळणारी तीच आणि ती बहुधा निरुपद्रवी असते. त्या गृहस्थांच्या बहिणीच्या एमआरआयवरही तसंच लिहिलं होतं. त्याआधी तिच्या गालाला वर्षभर मुंग्या येत होत्या. दाताचं दुखणं समजून एक दाढही काढून झाली होती. गाठ होती चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेजवळ, कवटीच्या तळाशी.

टेबलावर आणि सूक्ष्मदर्शकाखाली

शस्त्रक्रियेत सर्जनने बाहेरचं जाड आवरण उघडलं आणि आत मेनिन्जिओमाच्या गुलाबी-राखाडी रंगाऐवजी काजळासारखं काळं काही दिसलं. तिथून तुकडा थेट आमच्याकडे आला. असा तुकडा कापताना सुरी काळी होते, बोटांवरचे हातमोजे काळे होतात, ज्या फॉर्मॅलिनमध्ये तो ठेवतात तेही गढूळ होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिली अडचण अगदी साधी असते: रंग इतका दाट असतो की पेशीच दिसत नाही. पेशीचं केंद्रक बघितल्याशिवाय ती शांत की आक्रमक हे सांगता येत नाही आणि केंद्रकावर तर काळा पडदा. मग स्लाइड आधी पोटॅशियम परमँगनेटमध्ये बुडवतात, हेच ते जांभळं औषध जे पूर्वी गावोगाव विहिरीत टाकत. नंतर ऑक्झॅलिक आम्लात. रंग उतरतो आणि खालची पेशी उघडी पडते. मी हे शेकडो वेळा केलं असेल, तरी काळ्या डागातून गोलसर, नीटनेटकी केंद्रकं वर येताना बघितली की मला हायसं वाटतं. नीटनेटकं केंद्रक ही चांगली खूण.

नंतर येतात मार्कर. पेशी कोणत्या जातीची हे ओळखण्यासाठी स्लाइडवर लावायच्या रंगीत खुणा. रिपोर्टवर एस-१००, सॉक्स-१०, एचएमबी-४५, मेलॅन-ए अशी नावं आणि पुढे 'पॉझिटिव्ह' दिसतं ती हीच. नेहमीच्या मार्करचा रंग तपकिरी असतो. तपकिरी मेलॅनिनवर तपकिरी खूण कशी दिसणार? म्हणून अशा वेळी लाल रंगाची खूण वापरतात. छोटीशी गोष्ट आहे, पण ती चुकली तर रिपोर्ट चुकतो.

इथे घरच्यांचा एक गैरसमज होतो, तो आत्ताच दूर करतो. 'पॉझिटिव्ह' वाचलं की कॅन्सर पक्का, असं लोकांना वाटतं. हे मार्कर फक्त एवढंच सांगतात की पेशी रंगपेशीच्या जातीची आहे. ती शांत आहे की आक्रमक, इथली की परगावची, यातलं काहीही ते सांगत नाहीत. १९७२ पर्यंत या गाठींना मेनिन्जिओमाचाच काळा प्रकार समजत. त्या वर्षी लिमास आणि टिओ यांनी दाखवून दिलं की ही आवरणाच्या पेशीची गाठ नाहीच, रंगपेशीची आहे. 'मेलॅनोसायटोमा' हे नाव तेव्हाचं.

इथलीच की बाहेरून आलेली?

पेशी रंगपेशीच आहे हे ठरलं, तरी मोठा प्रश्न तसाच राहतो. कातडीचा, डोळ्याचा किंवा आतल्या अस्तरांचा मेलॅनोमा मेंदूकडे पसरतो, आणि मेंदूच्या आवरणात मूळच्या मेलॅनोमापेक्षा असा पसरून आलेला मेलॅनोमा कितीतरी जास्त वेळा सापडतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसू शकतात. उपचार मात्र वेगळे, आणि पुढचं आयुष्यही.

म्हणून 'ही इथलीच आहे' असं लिहिण्याआधी बाकी सगळीकडे शोधून बघावं लागतं. कातडी डोक्यापासून पायापर्यंत. आपल्याकडे हा शोध तळपायापासून सुरू करावा, असं माझं आग्रहाचं मत आहे. गोऱ्या लोकांत कातडीचा मेलॅनोमा उन्हाने भाजलेल्या पाठीवर, पायांवर होतो. भारतीयांत त्यातले बरेच तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतात आणि 'भोवरी असेल', 'नखाला मार लागला असेल' म्हणून महिनोन् महिने तसेच राहतात. मग थेंब टाकून, बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी. तोंड, नाक, गुदद्वार, स्त्रियांत योनीमार्ग यांची तपासणी. संकोच वाटतो हे मला समजतं, पण ही तपासणी टाळू नका. शेवटी पेट-सीटी, म्हणजे सगळ्या अंगाचा स्कॅन. यकृताकडे खास लक्ष द्यायचं, कारण डोळ्याचा मेलॅनोमा बहुधा आधी तिकडे जातो.

हे सगळं सांगताना मी त्या गृहस्थांना विचारलं, बहिणीचा फोटो आहे का? त्यांनी मोबाइलवर लग्नातला दाखवला. डाव्या कानशिलावर आणि डोळ्याखाली निळसर-राखाडी छटा होती. पावडरखालीही जाणवत होती. फोटो मोठा करून बघितला तर डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागातही तोच रंग.

"ते तर लासं आहे, जन्मापासूनचं," ते म्हणाले. "त्याचा काय संबंध?"

संबंध होता. त्या डागाला 'नेव्हस ऑफ ओटा' म्हणतात, जपानी डॉक्टर मासाओ ओटा यांच्यावरून. आशियाई लोकांत आणि त्यातही बायकांत तो जास्त आढळतो. कातडीच्या वरच्या थराकडे निघालेल्या रंगपेशी वाटेतच, खोल थरात, मुक्काम करून राहिल्या की असा निळा डाग होतो. पेशी खोल असल्यामुळे काळा रंग वरून निळा दिसतो. चेहऱ्याच्या ज्या नसेच्या इलाक्यात हा डाग असतो, त्याच बाजूला, त्याच नसेच्या मुळाशी मेलॅनोसायटोमा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. गाठही डावीकडेच होती.

पण असा डाग असणाऱ्या कुणीही हे वाचून घाबरायचं कारण नाही. बहुसंख्य लोक तो डाग घेऊन आयुष्य काढतात आणि त्यांना कधी गाठ होत नाही. डोळ्यातही रंग असेल तर वर्षातून एकदा नेत्रतज्ज्ञाकडे जावं. डोळ्याचा दाब वाढण्याची आणि क्वचित डोळ्यात गाठ होण्याची शक्यता असते, म्हणून. आणि वांग म्हणजे हे नव्हे. वांग दोन्ही गालांवर येतो, वयात आल्यावर येतो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

जनुकांची साक्ष

गेल्या पंधरा वर्षांत आमच्या हाती एक नवा साक्षीदार आला आहे. पेशीच्या जनुकांत, म्हणजे तिच्या कामाच्या लिखित सूचनांत, नेमकी कुठे चूक झाली आहे ते आता वाचता येतं. कातडीच्या मेलॅनोमात जवळपास निम्म्या वेळा बीआरएएफ नावाच्या जनुकात चूक सापडते, आणि उन्हाने केलेल्या जखमांचे असंख्य ठसेही. मेंदूच्या आवरणातल्या मूळच्या गाठीत सहसा चूक असते जीएनएक्यू किंवा जीएनए११ मध्ये. जनुकाची एक खटक्यासारखी जागा अडकते आणि वाढीचा दिवा बंदच होत नाही. उन्हाचे ठसे नसतात. कवटीच्या आत ऊन कुठून पोचणार?

गंमत अशी की डोळ्यातल्या मेलॅनोमात आणि त्या निळ्या डागांतही हीच जीएनएक्यूची चूक असते. वाडीतून निघालेल्या एकाच आडनावाच्या माणसांसारखं. म्हणूनच जीएनएक्यू सापडलं की कातडी बहुतांशी सुटते, पण डोळा सुटत नाही. तो तपासावाच लागतो. शिवाय बीएपी१ हे जनुक गेलेलं असेल किंवा तिसरं गुणसूत्र हरवलं असेल, तर गाठ वरून शांत दिसली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नये. अशा रुग्णाला मी जवळच्या अंतराने बोलावतो.

हा तपास सगळ्यांना लागतो का? माझ्या मते, या आजारात होय. दुसऱ्या गाठींत मी एवढ्या ठामपणे बोललो नसतो. इथे मात्र त्या एका कागदावर पुढची दिशा ठरते.

"पूर्ण काढली ना? मग झालं की!"

शांत गाठ असेल आणि पूर्ण निघाली असेल तर बहुतेकांच्या बाबतीत खरंच झालं. शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार. कठीण असतं ते 'पूर्ण' या शब्दात. गाठ मेंदूच्या देठाला किंवा मज्जारज्जूला चिकटलेली असते. शेवटचा तुकडा काढण्याच्या हट्टात गिळणं, बोलणं, हात-पाय जायचे. अशा वेळी थोडा भाग मागे ठेवणारा सर्जन शहाणा. घरच्यांनी त्याला कमीपणा मानू नये.

मग उरलेल्या भागाला किरणोपचार देतात. प्रसिद्ध झालेले रुग्ण एकत्र करून पाहिले तेव्हा हेच दिसलं: पूर्ण निघाली तर सर्वांत बरं, अर्धवट निघाली तर किरणोपचारासह ठेवणं हे नुसतं ठेवण्यापेक्षा बरं. साधारण सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोज काही मिनिटं. उरलेला तुकडा लहान असेल तर एक-दोन बैठकांतला नेमका किरणोपचारही करता येतो. केमोथेरपीला या शांत गाठीत जागा नाही.

आणि एमआरआय चुकवायचे नाहीत. ही गाठ काही वर्षांनी परत आल्याच्या आणि क्वचित पुढे आक्रमक झाल्याच्या नोंदी आहेत. पाच वर्षं झाली, आता कशाला, असं म्हणू नका.

मेलॅनोमा निघाला तर?

हे लिहिताना हात जड होतो. आवरणातला मूळचा मेलॅनोमा गंभीर आजार आहे. तो मेंदूच्या पाण्यातून पसरू शकतो, म्हणून पाठीच्या कण्याचा एमआरआय आणि पाण्याची तपासणीही करतात. शस्त्रक्रिया, मग किरणोपचार, मग इम्युनोथेरपी, म्हणजे स्वतःच्या प्रतिकारशक्तीवरचा ब्रेक काढणारी औषधं. कातडीच्या मेलॅनोमात या औषधांनी गेल्या दशकभरात चित्र पालटलं. मूळच्या गाठीत त्यांचा गुण बहुधा कमी येतो. जनुकांतल्या चुका जितक्या जास्त, तितकी पेशी परकी वाटते आणि शरीर तिला पकडतं. उन्हाचे ठसे नसलेल्या या पेशीत चुका थोड्याच असतात.

बीआरएएफची चूक सापडली, तर तिच्यावर नेमक्या चालणाऱ्या गोळ्या आहेत. पण मग गाठ खरंच इथलीच आहे ना, हा प्रश्न पुन्हा उघडून बघायचा.

"आमचं काही चुकलं का?"

हे जवळजवळ प्रत्येक आई विचारते. नाही. मोबाइल, डोक्याला लागलेला मार, खाणं, गरोदरपणातलं ग्रहण, यातलं काहीही याला कारणीभूत नाही. ही चूक एका पेशीत, जन्मानंतर किंवा गर्भातच, आपोआप घडते. ती आई-वडिलांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही. याला एक अपवाद ध्यानात ठेवावा: नसेच्या आवरणाची एक काळी गाठ हुबेहूब अशीच दिसते आणि तिच्यातले काही रुग्ण कार्नी कॉम्प्लेक्स या आनुवंशिक आजाराचे असतात. रिपोर्टमध्ये ते नाव आलं, तर भावंडांची तपासणी करून घ्या.

ब्लॉक मागून घ्या

गाठीचा तुकडा मेणात बसवून जी वडी करतात तिला ब्लॉक म्हणतात. आगपेटीपेक्षाही लहान. जनुकांची तपासणी, दुसरं मत, पाच वर्षांनी आलेलं नवं औषध, सगळं त्यावरच अवलंबून असतं. रिपोर्टची फाइल सगळे जपतात, ब्लॉकची आठवण कुणाला राहत नाही. ब्लॉक रुग्णाच्या हक्काचा असतो. अर्ज करून, सही करून मिळतो. मुंबईचं टाटा मेमोरिअल किंवा बंगळूरचं निमहान्स अशा ठिकाणी दुसरं मत घ्यायला तो पाठवता येतो, रुग्णाला प्रवास करावा लागत नाही. उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळतं.

ते गृहस्थ आठवड्याने पुन्हा आले. बहिणीचा डोळा स्वच्छ निघाला होता, पेट-सीटीतही काही नव्हतं, तळपाय त्यांनी स्वतः बॅटरी लावून बघितले होते. मी तिचे तीन ब्लॉक कापसात गुंडाळून जुन्या चष्म्याच्या डबीत घालून दिले. त्यांनी डबीवर तिचं नाव लिहिलं, खाली तारीख टाकली आणि ती शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. डेक्कन क्वीन नाही, पण नंतरची कुठली तरी गाडी मिळेल म्हणत निघाले.